निरोप लिहायलाही शिकवा

महोदय,

शाळेत पत्रलेखन शिकवतात ते गुणांपुरते. तारीख, मायना, विषय, संपले. पण मुले दिवसभर जे लिहितात ते मोबाइलवरचे संदेश, आणि ते कसे लिहावेत हे त्यांना कोणीच सांगत नाही. शिक्षकांना रात्री साडेअकराला ‘सर नोट्स पाठवा’ एवढेच जाते. ना नाव, ना वर्ग. नंबर जतन केलेला नसेल तर सरांनी ओळखायचे कसे? मुलगा उद्धट असतोच असे नाही. वाचणारा कोण, तो आत्ता कशात असेल, हा विचार करायची सवयच लागलेली नसते.

एसएमएसच्या काळी तुटक लिहिण्याला कारण होते. एका संदेशात रोमन लिपीतली १६० अक्षरे मावत, देवनागरीत लिहिले तर जेमतेम ७०. ती अडचण गेली, तुटकपणा मात्र राहिला. बोलताना आवाज आणि चेहरा सांभाळून घेतात. लेखी ‘बरं’ रागाचे की होकाराचे, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

भाषेच्या तासाला खरेखुरे संदेश लिहून घ्यावेत. उशीर होणार असल्याचा, नकाराचा, आजारी मित्राची चौकशी करणारा. सांत्वनाचा तर हवाच, कारण तिथे मोठेही हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे होतात. (मोठ्यांचे रोजचे सुविचार हा वेगळ्या पत्राचा विषय!) याला परीक्षेत गुण नसले तरी चालतील. मसुदा वर्गात मोठ्याने वाचला, तर कुठे खटकते ते मुलेच सांगतील.

— एक वाचक