उंदरांचा त्रास तरी वाया जाऊ नये

मधुमेहावरच्या संशोधनात उंदराचे वजन आणि रक्तातली साखर तपासून भागत नाही. पारदर्शक बंद पिंजऱ्यात तो किती ऑक्सिजन घेतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हेही मोजावे लागते. सोडलेल्या आणि घेतलेल्या वायूंचे गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर तो कर्बोदके जाळतोय, ०.७ कडे झुकले तर चरबी. रात्री दिवे मालवले की उंदीर खायला उठतो आणि पडद्यावरची रेघ सरसर चढते. ते बघताना शीण जातो.

पण उंदराला साधारण ३० अंशांची ऊब लागते. २२ अंशांच्या खोलीत त्याची बरीच शक्ती अंग गरम ठेवण्यातच जाते. म्हणून एसी बंद पडला की आकडे बदलतात. गेल्या मे महिन्यात वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला आणि माझी तीन रात्रींची नोंद गेली. त्या मुक्या जिवांचे हाल फुकट गेले, याचे जास्त वाईट वाटते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या महाविद्यालयांना रास्त शुल्कात वापरता येईल असे सामाईक केंद्र उभारावे. तिथे अखंड वीज हवी आणि पेशींचा ऑक्सिजन मोजणारे यंत्रही. आधी पेशींवर तपासता आले तर कितीतरी उंदीर वाचतील.

– एक संशोधक विद्यार्थिनी, खारघर