कोळशाच्या जिल्ह्याला तारीख हवी आणि पुढचं कामही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरच्या गाड्यांबद्दल आपल्या दैनिकात हल्ली बरंच छापून येतं. अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर या गाड्यांना टोलमाफी झाल्याची बातमीही तुमच्याकडेच वाचली. माझ्या पुण्याच्या भाच्याने मागच्या दिवाळीत अशी गाडी घेतली. फोनवर तो आनंदाने म्हणाला, "आत्या, आता माझ्या गाडीला धूरच नाही." मला त्याचं कौतुक वाटलं, अजूनही वाटतं. फोन ठेवून मी अंगणातलं तुळशीवृंदावन पुसायला घेतलं. ओलं फडकं एकदा फिरवलं की काळं होतं, धुऊन पिळून पुन्हा फिरवलं की राखाडी. तिसऱ्यांदा वृंदावनाचा मूळ रंग दिसतो, तो संध्याकाळपर्यंत टिकतो. उन्हाळ्यात स्लॅबवर मुगवड्या वाळत घालायच्या तर वर पातळ धोतर पसरावं लागतं आणि दुपारी ते झटकलं की हाताला काळं लागतं. ही धूळ कुठल्या खाणीची, कुठल्या चिमणीची, कुठल्या ट्रकची ते मला सांगता येणार नाही. मी चंद्रपुरात राहते, एवढंच सांगते.

राज्याच्या विजेतला मोठा वाटा आमच्या जिल्ह्यातून जातो. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. एक युनिट वीज करायला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. भाच्याच्या गाडीची बॅटरी ३० युनिटची धरली आणि ती पूर्ण कोळशाच्या विजेवर भरली, तर एका वेळच्या चार्जिंगला २१ किलो कोळसा. आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राखच असते. म्हणजे गाडी तिकडे पुण्यात भरली आणि ७ किलो राख इकडे उरली.

यावरून कुणी विजेवरच्या गाड्या नकोत असा अर्थ काढू नये. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटरीत तसं होत नाही. त्यामुळे देशातल्या आजच्या मिश्र विजेवरही ती गाडी एकूण हिशेबात उजवी ठरते, आणि शहरातल्या माणसाच्या नाकासमोरचा धूर जातो, हेही काही थोडं नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडी बदलणं हे अर्धं काम आहे. वीज बदलली नाही तर धूर फक्त पत्ता बदलतो.

वीज बदलते आहे, हे मला ठाऊक आहे. २०२५च्या मध्यापर्यंत देशातल्या एकूण वीज क्षमतेतला निम्मा हिस्सा कोळसा-वायूखेरीज इतर स्रोतांचा झाला. ते उद्दिष्ट २०३०चं होतं, पाच वर्षं आधी गाठलं. पण क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज यांत फरक आहे. सूर्य मावळला की सौर पॅनेल थांबतात, आणि देशात तयार होणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाचीच आहे. संध्याकाळसाठी वीज साठवायची सोय होईल तेव्हाच कोळसा खऱ्या अर्थाने मागे हटेल. बॅटऱ्या आहेत, उदंचन प्रकल्प आहेत. आपल्याच राज्यात घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प कित्येक वर्षं चालू आहे: स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. राज्याने शेतीच्या पंपांसाठी १६ हजार मेगावॉट सौरऊर्जेचं लक्ष्य ठेवलं आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला बांधावर जावं लागू नये, यासाठी तरी ते पूर्ण व्हावं. आमच्याकडे रात्री शेतात जाणं म्हणजे वाघाच्या वाटेत उभं राहणं असतं.

आता मुख्य मुद्दा. हा बदल होईपर्यंत आणि झाल्यावर कोळशाच्या जिल्ह्याचं काय, हे कुणीच बोलत नाही.

आधी 'होईपर्यंत'चं सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची तपासणी केली, तेव्हाच चंद्रपूर 'अतिप्रदूषित' भागांत मोडलं. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी नवे कडक नियम काढले, त्यात पहिल्यांदा सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आली. मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. ते खरं आहे. पण गंधक कमी असलं तरी कोळसा किती जळतो तेही बघायला नको का? २,९२० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दिवसाला चाळीस हजार टनांहून जास्त कोळसा लागतो. अतिप्रदूषित भागांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ही सरसकट सूट नाही, तिथे तज्ज्ञ समितीने एकेका केंद्राचा स्वतंत्र विचार करायचा आहे. आमच्या केंद्राबाबत त्या समितीने काय ठरवलं, ते मराठीत, आकड्यांसह, इथल्या लोकांना कळलं पाहिजे. शहराची हवा आहे, तिच्याबद्दलचा कागद शहराला वाचता आला पाहिजे.

आणि ट्रक. वाहनांचा धूर म्हटला की चर्चा स्कूटर आणि कारची होते. आमच्याकडे तो धूर डिझेलच्या हायवांचा, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या मोठ्या डंपरांचा आहे. पहाटेपासून ओळ लागते. ताडपत्री कधी असते, कधी अर्धी बांधलेली, कधी नुसती मागे लटकत असते. खड्ड्यात चाक गेलं की वरचा चुरा उडतो, मागून सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरांच्या अंगावर. खाण ते केंद्र हे अंतर ठरलेलं, रस्ता ठरलेला, रोजच्या फेऱ्या ठरलेल्या. विजेवरच्या ट्रकसाठी याहून सोयीचा मार्ग कुठला? जिथे जमेल तिथे बंदिस्त कन्व्हेयर किंवा रेल्वे, उरलेल्या फेऱ्यांना विजेचे ट्रक, आणि तोवर निदान ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी मारणं. यासाठी कुठला अभ्यासगट नेमायची गरज नाही.

आता 'झाल्यावर'चं. चंद्रपूरचे पहिले दोन २१० मेगावॉटचे संच बंद झाले आहेत. तिसरा आणि चौथा १९८५-८६चे, म्हणजे चाळिशीला आलेले. तेही कधीतरी जातील, जावेतच. पण माझा पुतण्या एका वीज केंद्रात कंत्राटावर आहे. आयटीआय फिटर, चौदा वर्षं झाली. मध्यंतरी जेवताना त्याने मला विचारलं, "काकू, सोलरला फिटर लागतो का हो?" मी म्हटलं लागत असेल. खरं तर मला माहीत नव्हतं. मग मी चौकशी केली. सौर प्रकल्प उभारताना माणसं लागतात, चालवायला फार थोडी. शिवाय ते प्रकल्प जिथे ऊन आणि जमीन मिळेल तिथे होतात, चंद्रपुरातच होतील असं नाही. मग त्याने चाळिशीत बायकामुलांना घेऊन कुठे जायचं? कायम कर्मचाऱ्याची बदली होते. कंत्राटी माणसाचं कंत्राट संपतं, एवढंच.

बीडच्या परळीने हे थोडं अनुभवलं आहे. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथलं केंद्र बंद ठेवावं लागलं. तेव्हा दुष्काळाने बंद केलं, ठरवून नव्हे. आमच्याकडे ठरवून करता येईल. झारखंडने २०२२ मध्येच कोळशानंतरच्या जिल्ह्यांचा विचार करायला कृतिदल नेमलं. महाराष्ट्राने नेमायला काय हरकत आहे? पैशाचीही सोय आहे. २०१५च्या कायद्याने खाणींच्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, खाणबाधितांसाठीच. तो निधी सभामंडप आणि कमानींत जाऊ नये. त्यातून आयटीआयमध्ये सौर, बॅटरी आणि विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचे वर्ग सुरू करा, पहिला प्रवेश कंत्राटी कामगारांना आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना द्या. खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर आणि कोळसा संपलेल्या जमिनी पडून आहेत, त्यांतल्या ज्या पक्क्या आहेत तिथे पॅनेल लावा. एका मेगावॉटला चार-पाच एकर पुरतात, आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा इथे आधीच उभ्या आहेत.

प्रत्येक जुन्या संचाची बंद होण्याची तारीख जाहीर व्हावी, आणि त्याच कागदावर त्या संचावर राबणाऱ्या माणसांचं पुढचं काम लिहिलेलं असावं. नुसती तारीख आली तर लोक घाबरतील आणि उद्या धुराच्याच बाजूने उभे राहतील. त्यांना दोष देता येणार नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आपला बातमीदार एक दिवस सकाळी सहाला आमच्या रस्त्यावर पाठवा. तासाभरात किती ट्रक जातात आणि किती झाकलेले असतात, एवढंच मोजून छापा. मी त्या वेळी रोज अंगणात असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर
(पुतण्याच्या नोकरीचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)