नऊ वर्षांच्या नोकरीनंतरची परीक्षा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,

साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी एम.एस्सी. नर्सिंगचे पहिले वर्ष पास झाल्याचे मी फोनवर सांगितले, तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला उठून गेली आणि बाबांनी मला विचारले, "नऊ वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला परीक्षेची एवढी धास्ती का वाटावी?" त्या वेळी मी हसून विषय टाळला, कारण खरे उत्तर लांबलचक होते आणि त्यात तुमच्यापासून लपवलेली एक गोष्टही होती. फोनवर आपले बोलणे "जेवलीस का" आणि "गोळ्या घेतल्या का" यापुढे फारसे जात नाही. शिवाय बाबा पत्र चष्मा लावून दोनदा वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहीत आहे.

लपवलेली गोष्ट अशी, की पहिल्या सेशनल परीक्षेत, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, मी दोन विषयांत नापास झाले होते. संशोधन आणि संख्याशास्त्र या विषयात मला 75 पैकी 29 गुण मिळाले. त्याचे मला फार वाईट वाटले नाही, कारण गणिताशी माझे कधीच पटले नव्हते. परंतु मेडिकल-सर्जिकल या माझ्या स्वतःच्या स्पेशालिटीत 34 गुण मिळाले, तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडले. उत्तीर्ण होण्यासाठी निम्मे गुण लागतात आणि ज्या आजारांचे पेशंट मी नऊ वर्षे सांभाळले, त्याच आजारांवर मला तेवढेही लिहिता आले नव्हते. हार्ट फेल्युअरच्या पेशंटची काळजी कशी घ्याल, या प्रश्नावर मी चार पाने भरली होती. आमच्या मॅडमनी त्याखाली लाल शाईने एकच ओळ लिहिली होती, "तुम्ही ड्यूटीची ओव्हर दिली आहे, उत्तर लिहिलेले नाही."

त्या ओळीचा मला आधी राग आला आणि नंतर हळूहळू अर्थ कळला. ओव्हर म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगणे. ती देताना समोरच्या सिस्टरला सगळे माहीत असते. "बेड चारला बसते ठेवा, इनटेक-आउटपुट बघा" एवढे म्हटले की काम भागते. उत्तरपत्रिकेत मात्र पेशंटला बसते का करायचे, म्हणजे पाठ टेकवून बसवल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन फुप्फुसांवरचा भार कसा हलका होतो, हे लिहावे लागते. त्याचा उपयोग झाला हे कशावरून ओळखणार, म्हणजे श्वासांची गती उतरली का, पेशंट मध्ये न थांबता एक पूर्ण वाक्य बोलू शकतो का, हेही लिहावे लागते. आधी तपासणी, मग नर्सिंगचे निदान, मग उद्दिष्ट, मग कारणासह कृती आणि शेवटी मूल्यमापन, असा तो क्रम आहे. काम मला येत होते, पण ते का करते हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) आणि त्यानंतर पोस्ट बेसिक पदवीच्या वेळी हा क्रम मी पाठ केला होता, पण वॉर्डाच्या धबडग्यात तो केव्हा गळून पडला ते मला समजलेदेखील नाही.

यातला एक प्रसंग सांगते. नाकातून पोटात घालतात त्या नळीला आम्ही रायल्स ट्यूब म्हणतो. ती पोटातच गेली आहे ना हे पाहण्यासाठी मी नेहमी सिरिंजने थोडी हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचे आणि आवाज आला की समाधान मानायचे. मला माझ्या सीनियरने तसेच शिकवले होते आणि मी पुढे कितीतरी मुलींना तसेच शिकवले. सेमिनारमध्ये मी हे ठामपणे मांडले, तेव्हा "याला आधार काय?" असा प्रश्न आला आणि माझ्याकडे "आम्ही तसेच करतो" याखेरीज उत्तर नव्हते. त्या रात्री शोधनिबंध उघडून बसले तेव्हा समजले, की नळी चुकून फुप्फुसात गेली असली तरीही तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. म्हणून नळीतून थोडे द्रव ओढून त्याचा पीएच (आम्लतेचे माप) तपासावा, तो 5.5 किंवा त्याहून कमी असावा, आणि शंका राहिली तर एक्स-रे काढावा, असे आता सांगतात. माझ्या हातून कोणाला इजा झाली नाही हे नशीब म्हणायचे. पुढचे दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही, आणि त्यानंतर मात्र मी हा अभ्यासक्रम केवळ बढतीसाठी करत आहे असे म्हणणे सोडून दिले.

संख्याशास्त्रातून मला बाबांनी बाहेर काढले, हे त्यांनाही ठाऊक नसेल. स्टँडर्ड डेव्हिएशनचे सूत्र मला पाठ होते, पण त्याचा अर्थ काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. मग एकदा मला आठवले, की बाबा एस.टी.त असताना रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, जुळवता जुळवता म्हणायचे, "दोन्ही गाड्यांचे महिन्याचे उत्पन्न सारखेच, पण एकीचे रोज तेवढेच येते आणि दुसरीला बाजाराच्या दिवशी दुप्पट, एरवी मोकळ्या सीटा." सरासरी एकच, पण पसारा वेगळा! त्या पसाऱ्यालाच आमच्या पुस्तकात एवढे अवघड नाव आहे. एवढे उमगल्यावर पुढचे सोपे झाले. पी व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आली म्हणजे आपले म्हणणे 95 टक्के खरे ठरले, असे पुष्कळजण बिनदिक्कत लिहितात. ते चूक आहे. दोन गटांत खरोखर काही फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता, इतकाच त्याचा अर्थ आहे. हे वाक्य मी वार्षिक परीक्षेत जसेच्या तसे लिहून आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना आपण दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो, पण क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले हे त्यांनी 1858 साली रंगीत आकृत्या काढून दाखवून दिले होते. मला आता त्या दिव्यापेक्षा त्या आकृत्यांचेच कौतुक अधिक वाटते.

अभ्यासाची पद्धतही मला बदलावी लागली. पूर्वी मी पुस्तकात रंगीत रेघा मारत बसायचे आणि पान ओळखीचे वाटले की ते आपल्याला येते असे समजायचे. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिते आणि मग काय सुटले ते शोधते. रोज एक दीर्घोत्तरी प्रश्न घड्याळ लावून इंग्रजीत लिहून काढते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीचे निम्मे श्रम वाक्य जुळवण्यातच जातात. माझी रूममेट नियमाप्रमाणे पदवीनंतर जेमतेम एक वर्ष नोकरी करून आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी आहे. शोधनिबंध कसे शोधायचे आणि संदर्भ कसे द्यायचे ते तिने मला शिकवले. मी तिला घाबरलेल्या नातेवाइकांशी कसे बोलायचे ते शिकवले. गौरी-गणपतीला मी आले नाही म्हणून आई रुसली होती, त्याचे कारणही सांगून टाकते. 80 टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पहिल्या वर्षी एकट्या स्पेशालिटीचेच प्रत्यक्ष कामाचे 650 तास असतात. त्यातले बुडालेले सगळे तास पदवीपूर्वी भरून द्यावेच लागतात.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मला पक्षाघाताचा एक वयस्कर पेशंट मिळाला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम फाईल चाळत असताना मी सवयीने आजोबांना कुशीवर वळवले, तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी तो पांढरा पडेना, म्हणजे बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी होती. एरवी मी तेल लावून मोकळी झाले असते आणि मागे कधीतरी चोळलेही असते, जे करूच नये. त्या दिवशी बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलने गुण मोजले, तेव्हा 23 पैकी 14 भरले. त्यात गुण जितके कमी तितका धोका अधिक असतो. मग केअर प्लॅनमध्ये मी हेच सर्वांत वर घेतले आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता पलंगाला लावला. मॅडमनी विचारले, "फाईलमध्ये तर याची नोंद नाही, तुम्हाला कसे समजले?" मी म्हटले, "वळवून पाहिले." व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, तिथून जो सुरू झाला तो पाऊण तास चालला, पण मला एकदाही घाम फुटला नाही. आजोबांचा मुलगा संध्याकाळी तक्त्याचा फोटो काढून घेऊन गेला.

आता दुसऱ्या वर्षात डिझर्टेशन आहे. आमच्याकडे बहुतेक प्रबंध एकाच साच्याचे असतात, आधी प्रश्नावली, मग एक तासाचे व्याख्यान, मग पुन्हा तीच प्रश्नावली, आणि ज्ञान वाढले असा निष्कर्ष. एवढे व्याख्यान ऐकून ज्ञान वाढले नसते तरच नवल. मला मधुमेही पेशंट घरी आपले पाय खरोखर तपासतात का, हे पाहायचे आहे. आपली काळजी माणसाला स्वतःला घेता येत नाही तिथे नर्सिंगची गरज सुरू होते, असे नर्सिंगच्या अभ्यासक डोरोथिया ओरेम यांनी मांडले आहे, आणि त्याच पायावर मी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिला आहे. तो सध्या मंजुरीसाठी एथिक्स कमिटीकडे आहे. बाबांना माझ्या अभ्यासातल्या पेशंटच्या यादीत घेता येणार नाही, कारण घरच्या माणसाकडून मला हवी तीच उत्तरे मिळतील.

तरीही बाबा, तुमची बारा वर्षांची साखर आहे, म्हणून एवढे करा. रोज रात्री झोपण्यापूर्वी आईचा हातातला आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळपाय पाहा, बोटांच्या बेचक्याही पाहा आणि काही दिसले तर जुन्या वहीत तारीख घालून लिहा. ऊन पाण्यात पाय घालण्याआधी आईला कोपर बुडवून पाहू दे आणि परसात अनवाणी जाऊ नका. दिवाळीला मी येईन तेव्हा सोबत पायांना स्पर्श नीट जाणवतो का ते तपासायचा एक नायलॉनचा दोरा आणणार आहे. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून बसायचे आणि दोरा टेकल्याचे जाणवेल तेव्हा "हो" म्हणायचे. उगाच माझे मन राखायला "हो" म्हणायचे नाही. आई, तू शेजारी बसून त्यांच्यावर लक्ष ठेव.

तुमची,
थोरली