दाराच्या चौकटीवरच्या खुणा

चि. मंदारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ओमची उंची वाढावी म्हणून त्याला ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं का, आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर मला तुझाच जुना प्रश्न आठवला होता. आठवीत होतास. बास्केटबॉलच्या टीममधून नाव कटलं म्हणून दप्तर भिरकावलंस आणि ओरडलास, "जन्मभर वाढीच्या हार्मोनवर काम करतेस आणि स्वतःचा मुलगा बुटका!" मी पोळ्या लाटत राहिले.

आधी ओमचा रिपोर्ट. ग्रोथ हार्मोन ०.३ बघून मृणाल रडली म्हणालास. तिला सांग, दुपारी बारा वाजता माझंही तेवढंच येईल. मेंदूच्या खालची पियूषिका ग्रंथी हे हार्मोन धारेने सोडत नाही, उचकी लागल्यासारखं सोडते, आणि सोडलेलं वीसेक मिनिटांत निम्मं होतं. सगळ्यात मोठी उसळी येते ती गाढ झोप लागल्यावर तासाभरात. मी रात्री घरी नसायचे ते याचसाठी. वॉर्डात झोपलेल्या मुलाच्या हातात सुई आधीच बसवलेली असायची, दर वीस मिनिटांनी तिच्यातून दोन मिली रक्त घ्यायचं, मूल जागं होऊ द्यायचं नाही. पुढे किरणोत्सारी आयोडीन लावून त्या नळ्या मोजायच्या. ही मोजायची पद्धत ज्या रोझलिन यॅलोंनी काढली, त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्यांचे संशोधनातले जोडीदार बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये गेले होते. आलेख काढला की सपाट रेषेतून एकदम डोंगर वर यायचा. त्या डोंगराचं मला तुझ्या गॅदरिंगपेक्षा जास्त वेड होतं, हे कबूल.

पण माझं मन अडकलं ते कुपोषित मुलांच्या नळ्यांत. सुजलेले पाय, पिंगट केस, वय चार आणि वजन दीड वर्षाच्या मुलाचं. वाटायचं, यांच्यात हार्मोन नसणारच. निघायचं उलट, भरपूर. ते यकृताला 'वाढीचा माल तयार कर' म्हणून सांगत असतं, पण घरात दाणा नाही म्हटल्यावर यकृत ऐकत नाही. मग तेच हार्मोन दुसऱ्या कामाला लागतं, चरबी मोडून शरीर चालवायचं. चार आठवडे दूध-अंडी पोटात गेली की आकडा आपोआप खाली. हे आमच्या आधीच आफ्रिकेत दिसलं होतं, आम्ही फक्त आपल्या मुलांत पाहिलं. पण त्या दिवसापासून 'उंचीचं हार्मोन' हा शब्द मला खोटा वाटायला लागला.

त्याची दुसरी बाजू साखरेची. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ उसाय यांनी स्वादुपिंड काढल्याने मधुमेह झालेल्या कुत्र्याची पियूषिकाही काढली, तर मधुमेह सौम्य झाला. म्हणजे ही ग्रंथी इन्सुलिनच्या विरुद्ध ओढते. तुझ्या बाबांच्या घरात साखर आहे, म्हणून मी हे लिहितेय.

आता तुझं. आठवीच्या मे महिन्यात "कावीळ आहे का बघायचंय" म्हणून तुला लॅबमध्ये नेलं होतं, आठवतं? ती कावीळ नव्हती. क्लोनिडीनची गोळी दिली, तिने हे हार्मोन उसळतं, आणि दर अर्ध्या तासाला तुझं रक्त घेतलं. गोळीने गुंगी येते, तू माझ्या मांडीवर लवंडलास. आकडा १४ आला, दहाच्या वर म्हणजे ठणठणीत. डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांची वाढही वयाप्रमाणे. बाबा १६२ सेंटिमीटर, मी १४८. मुलगा असला की दोघांच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करायचे, १६१.५ येतात. तू १६१ वर थांबलास. तुझ्यात काही कमी नव्हतं, तू आमचा होतास.

डिपार्टमेंटच्या फ्रिजमध्ये या हार्मोनच्या बाटल्या होत्या. मोह झाला नाही असं नाही. तू वर्षाचा होतास तेव्हा, १९८५ मध्ये, अमेरिकेतून बातमी आली होती: मृतदेहांच्या पियूषिकेतून काढलेलं हार्मोन लहानपणी घेतलेली तरुण मुलं मेंदूच्या आजाराने गेली. त्याच वर्षी जीवाणूंत बनवलेलं औषध आलं, त्यात तो धोका नाही. तरी निरोगी मुलाला रोज टोचायला माझा हात धजला नाही. वर्षानुवर्षं टोचून अशा मुलांना मिळतात ते दोनेक इंच, तेही सगळ्यांना नाही. तुला न सांगता तपासलं, ते मात्र चुकलं.

ज्याला खरंच हार्मोन नाही, त्याला ते द्यायलाच हवं, लवकर द्यायला हवं. म्हणून ओमच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढ आणि गेल्या वर्षीची उंची कळव. वर्षाला पाच सेंटिमीटर वाढत असेल तर मला चिंता नाही. आणि त्याला साडेअकरापर्यंत मोबाइल बघत जागवू नका.

दिवाळीआधी रंगारी येतोय. स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या तुझ्या पेन्सिलच्या खुणा मी वहीत उतरवून घेतल्या. नऊ वर्षं पूर्ण, १२० सेंटिमीटर. ओम आज १२१ आहे ना?

तुझी,
आई