अर्जातली आडवी रेघ

लीड्स, रविवार

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

चि. छोटू, तुझा अर्ज वाचला. मजकूर झकास आहे, पण पहिल्याच ओळीत ‘आय ॲम अ 24 इयर्स ओल्ड ग्रॅज्युएट’ लिहिलंयस. ते बदलल्याशिवाय पाठवू नकोस. नुसतं ‘आय ॲम 24 इयर्स ओल्ड’ बरोबर. पण हेच शब्द ग्रॅज्युएटच्या पुढ्यात विशेषण होऊन बसले की ‘इयर्स’मधला एस गळतो आणि मध्ये संयोगचिन्हं येतात: ‘24-इयर-ओल्ड’. दहा पाउंडांची नोटही इथे ‘टेन-पाउंड नोट’च.

हसू नकोस, मीही ठेच खाऊनच शिकले. बाळंतिणींच्या वॉर्डात नवीन होते तेव्हा रात्रपाळी संपताना फळ्यावर लिहून आले, ‘थ्री डे ओल्ड बेबीज, हिअरिंग टेस्ट’. मला म्हणायचं होतं, एक दिवसाची तीन बाळं. सकाळच्या सिस्टर तीन दिवसांची बाळं शोधत बसल्या, आणि तसलं एकही नव्हतं! बाळं कुठंयत, म्हणून माझा फोन खणखणला. मी बसमध्ये अर्धवट झोपेत. रेघ ‘डे’ आणि ‘ओल्ड’मध्येच दिली असती तर तीन बाळं झाली असती, ‘थ्री’नंतरही दिली असती तर तीन दिवस. दोन्हीकडे नाही, म्हणून घोळ.

आपल्याकडे हे काम ‘ची’ करते. ‘तीन दिवसांची बाळं’, ‘एक दिवसाची तीन बाळं’: कुणी चुकायला जागाच नाही. इंग्रजीत इथे असा प्रत्यय लागत नाही, मग रेघेवर भागवायचं. बाबा शाळेत संयोगचिन्हाचे गुण कापायचे तेव्हा किती राग यायचा मला!

आता उलटी चूक. ‘हायली-मोटिव्हेटेड’मधली रेघ काढ. ‘हायली’सारखं एलवाय लागलेलं क्रियाविशेषण पुढच्याच शब्दाला चिकटणार हे दिसतंच, तिथे रेघ नको. ‘वेल-नोन कॉलेज’ला मात्र हवी, ‘द कॉलेज इज वेल नोन’ म्हटलंस तर नको. (खरं तर तो ‘मोटिव्हेटेड’च काढ. सगळेच लिहितात.)

दुरुस्त करून आज रात्रीच पाठव, मी जागीच आहे.

आई, मेतकूट पोचलं. झाकण सैल होतं, त्यामुळे बाबांनी पाठवलेल्या स्वेटरलाही घमघमाट सुटलाय. धुतला नाहीये अजून.

तुमची,
ताई