तारापूरला वाढलेली मुलगी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पावरचा लेख वाचला आणि सोमवारची सकाळ त्याच विचारात गेली. मजकुरापेक्षा वर छापलेलं चित्र मला जास्त लागलं. दोन अवाढव्य मनोरे, त्यांतून निघणारे पांढरे लोट, पुढे मास्क लावलेली लहान मुलगी आणि खाली नाव तारापूरच्या अणुवीज केंद्राचं. अशा मनोऱ्यांतून बाहेर पडते ती पाण्याची वाफ. पण तारापूरला तसले मनोरेच नाहीत, तिथे समुद्राचं पाणी घेऊन यंत्रं थंड करतात. आणि लेखाच्या शेवटी तुमचे लेखक विचारतात, अशा ठिकाणी संसार कोण करणार? आम्ही केला. १९७९ ते २००९, बोईसरच्या वसाहतीत.

आमचे हे जुन्या दोन भट्ट्यांच्या टर्बाइन विभागात होते. १९६९ साली सुरू झालेल्या या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. भट्टीतली वाफ तिथे थेट टर्बाइनवर जाते, म्हणून टर्बाइनवाल्यांनाही छातीवर बॅज लावूनच आत जावं लागे. किती किरणोत्सर्ग अंगावर आला ते त्या बॅजवरून कळायचं आणि त्याची नोंद व्हायची. प्रकल्पाची प्रयोगशाळा आजूबाजूच्या गावांतलं दूध, भाजी, मासे तपासायला नेत असे. आम्ही बायका त्याच बाजारातली बोंबील-कोलंबी घेत होतो. भीती कधीच वाटली नाही असं म्हणणार नाही. पहिलं वर्षभर सायरनची चाचणी झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. पण वसाहतीत रोज बोलणं व्हायचं ते शाळेच्या बसचं, पाण्याच्या वेळेचं आणि रात्री वारा फिरला की रासायनिक कारखान्यांकडून येणाऱ्या वासाचं. त्या वासाने माझ्या मुलाला खोकला व्हायचा. त्याबद्दल आम्हाला इकडच्या, साताऱ्याच्या एकाही नातेवाइकाने कधी विचारलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. २००७ साली मुलीचं लग्न ठरवत होतो. ती पुण्यात नोकरीला होती. वाई तालुक्यातलं एक स्थळ आलं, पत्रिका जुळली, बघण्याचा कार्यक्रम सातारलाच माझ्या दिरांच्या घरी झाला. मंडळी हसतखेळत जेवून गेली. चार दिवसांनी मध्यस्थ आले आणि चहाचा कप हातात धरून म्हणाले, ‘‘वहिनी, मुलगी लाखात एक आहे. पण ती तिकडे अणुभट्टीपाशी वाढलेली. उद्या मुलाबाळांचं काही झालं तर, असं त्यांच्या घरच्यांना वाटतंय.’’ मुलगी आतच होती. तिने सगळं ऐकलं. रात्री मला एवढंच म्हणाली, ‘‘आई, माझ्यात खरंच काही असेल का गं?’’

मी तिला समजावलं, विषय संपला असं मानलं. दोन वर्षांनी बोईसरचं घर आवरताना तिच्या कपाटात एक फाइल सापडली. त्या महिन्यात तिने कुणालाही न सांगता, स्वतःच्या पगारातून, पुण्यात रक्तापासून सोनोग्राफीपर्यंत सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पंचवीस वर्षांच्या पोरीला आपण निर्दोष आहोत याचे कागद जमवावे लागले. मी ती फाइल होती तिथेच ठेवली आणि आजवर तिच्याशी त्यावर बोलले नाही.

नंतर मी शोधून वाचलं. हिरोशिमा आणि नागासाकीच्या स्फोटातून वाचलेल्यांना पुढे जी मुलं झाली त्यांचा अभ्यास १९४८ पासून सुरू आहे. त्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. तरीही त्या घरांतल्या मुलींची लग्नं तिथे अडत होती. जिथे प्रत्यक्ष बॉम्ब पडला तिथलं हे. आमची मुलगी तर वीज तयार होते त्या गावात वाढली होती.

आणि हे सातारा जिल्ह्यात घडावं! आपल्या डोक्यावर १०३ मीटर उंचीचं कोयना धरण आहे, मागे शंभर टीएमसीहून जास्त पाणी आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी पाहिली ते अजून हयात आहेत. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला तडे गेले, ते नंतर मजबूत करावं लागलं. आजही धक्के बसतात, आपण भांडी वाजली का एवढं बघतो आणि झोपतो. म्हणून पाटणची मुलगी नको असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. रोजच्या सवयीचं भय आपण पोटात घालतो आणि न पाहिलेल्या जागेचं भय दुसऱ्याच्या मुलीच्या माथी मारतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा त्याच नातेवाइकांचे फोन आले, ‘‘बरं झालं, वेळेवर सुटलात.’’ तिथल्या भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच, त्यामुळे त्या आठवड्यात हेसुद्धा गप्प गप्प होते. मी तेही लपवत नाही.

मी प्रकल्पाची वकील नाही. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तिथल्या कोळ्यांची समुद्रावर जायची वाट लांबली, त्यांचं रडणं मी जवळून पाहिलंय. जैतापूर प्रकल्पाची जागा जिथे आहे त्या माडबनच्या लोकांनी जमिनीबद्दल, मासेमारीबद्दल विचारलेला एकेक प्रश्न रास्त आहे आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना तो वेगळा समजावून सांगायला नको. त्यावर चार ओळी तुमच्या लेखात असायला हव्या होत्या. तुमचा वार्ताहर अक्करपट्टीच्या पुनर्वसन वसाहतीत पाठवा, तिथे खरी बातमी मिळेल. पण मास्क लावलेल्या पोरीचं चित्र पुन्हा छापू नका. ते बघून उद्या कुणीतरी माडबनच्या मुलीला नकार देईल.

आणखी एक. लेखात तारापूर ठाणे जिल्ह्यात दाखवलंय. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. गेल्या वर्षी याच चुकीबद्दल मी पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाही आणि चूकही सुधारली नाही. निदान या वेळी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सदर बझार, सातारा