काका, तुमच्या त्या पांढऱ्या फडक्यासाठी

मशीनशॉपवाले काका,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून लेथकडे वळता, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो, आणि चार लोकांना कळावं म्हणून उघडच लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी पार खचलो होतो. बाबांची गाडी. इंजिन एकदा पूर्ण खोलून, बोअरला (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती) होनिंग करून, म्हणजे आतून दगडाने घासून, नव्या रिंगा नवे बेअरिंग टाकून झालेलं, आणि दोन हजार किलोमीटर व्हायच्या आत खालून ठकठक, इंजिन गरम झालं की आयडलिंगला ऑइलची लाईट लागायची, म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी. ज्यांनी काम केलं ते म्हणाले जुनी गाडी आहे, विकून टाका. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) मोजली होती का विचारलं तर म्हणे नख फिरवून बघितली, चांगली होती. नख फिरवून! मायक्रोमीटर हातात घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत.

तुम्ही आधी बेअरिंगचे शेल, क्रँकभोवती बसणाऱ्या त्या अर्धगोल पट्ट्या, उजेडात धरलेत. मला भिंग दिलंत, म्हणालात बघा, मऊ धातूत हे बारीक कण रुतलेत ना, ही होनिंगच्या दगडाची पूड आहे, नुसतं पेट्रोलने पुसलं की ती बोअरच्या रेघांमध्येच बसून राहते. म्हणजे नवे पार्ट पहिल्या दिवसापासून घासले जात होते आणि दोष मात्र बाबांच्या गाडीला. अजून राग येतो मला त्याचा.

मग तुम्ही क्रँकचं प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आडवं उभं, दोन्ही टोकांना मोजलंत. एक जर्नल 0.04 मिलिमीटर अंडाकृती निघालं, म्हणून सगळीच 0.25 मिलिमीटर खाली ग्राइंड केलीत. क्रँकला खालून धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपांवर आधीच नंबर टाकून ठेवले होतेत, कारण कॅप ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, बसवूनच ते भोक कापलेलं असतं, एकीची जागा दुसरीला चालत नाही. हे सगळं तुम्ही मला न विचारता सांगत होतात, मी गिऱ्हाईक आहे आणि मला काय कळतंय असं एकदाही वागवलं नाहीत.

पण काका, खरं लिहायचंय ते फडक्याबद्दल. मी ब्लॉक न्यायला आलो, टेम्पो बाहेर उभा, ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, हवा मारून, तेल लावून तयार. तुम्ही एक पांढरा स्वच्छ फडका तेलात बुडवून माझ्या हातात दिलात, "तुम्ही पुसा, मी नाही." मी तिसऱ्या बोअरमध्ये फिरवला आणि बाहेर काढला तर किंचित करडा, म्हणजे पूड अजून आत. अगदी किंचित, मी तर चालेल म्हणालो असतो, टेम्पोवाला हॉर्न मारत होता. तुम्ही काही न बोलता ब्लॉक परत हौदावर घेतलात, गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग परत काढले, लांब ब्रश घातलात, बोअर हाताने घासलेत आणि पुन्हा फडका. पुन्हा जरासा करडा. पुन्हा हौद. तिसऱ्या वेळी फडका जसा आत गेला तसाच पांढरा बाहेर आला तेव्हाच तुम्ही मान हलवलीत.

त्या जादाच्या दोन धुण्यांचे पैसे तुम्ही लावले नाहीत, बिलात त्याचा उल्लेखही नाही. इंजिन बंद झालं की आत कोण बघणार होतं? कोणीच नाही. बाबा सुतारकाम करायचे, कपाटाची मागची बाजूसुद्धा रंधा मारून द्यायचे, भिंतीला लागणारी. तुम्हाला हौदावर वाकलेलं बघून मला तेच आठवलं आणि मी टेम्पोच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले, ते तुम्ही बघितलं असेल तर असू दे. अशी माणसं भेटली की इतके दिवसांची चीड कुठच्या कुठे जाते.

काल पहिलं ऑइल बदललं. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं, बोटांनी चोळून बघितलं, एकही कण चमकला नाही, हाताला खरखर नाही. लाईट लागत नाही, आवाज नाही. रविवारी गाडी घेऊन येतोय, बॉनेट उघडतो, तुम्ही फक्त उभे राहून ऐका.